पाटावरचा गळ

तुम्ही तिला खोटी हत्यारं दिलीत, साहेब. बॅनर लावून, टाळ्या वाजवून, फोटोत स्वतः मधोमध उभं राहून दिलीत. आणि ज्या दिवशी त्या हत्यारांनी चारचौघांत तिची शोभा केली, त्या दिवशी तुम्ही तिथं नव्हता. तिथं तिच्या टोळीचा मुकादम हिंमतराव मिस्त्री होता.

"दार लाव," हिंमतराव म्हणाला.

छायानं दार लावलं. मलकापुरात रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या कापड दुकानातली ती कपडे घालून पाहायची खोली. खाली-वर पत्र्याचे चॅनल, मधे उभ्या पट्ट्या, त्यावर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. छायानं एकटीनं उभी केलेली पहिली भिंत. तिनं हात सोडला आणि दार सावकाश, कुरकुरत, आपलं आपण उघडलं.

"अजून एकडाव."

तिनं पुन्हा लावलं. ते पुन्हा उघडलं.

"आत बाई कपडे बदलून राह्यली न् हे दार म्हणते, या, पाहा," शिडीवरून गोपाल मिस्त्री बोलला. "शेठ, गिऱ्हाईक वाढते बरं तुमचं."

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. शेठ हसला नाही. हिंमतरावानं लेझर लावला. सरळ रेघ पाडणारं हे मशीन टोळीत एकच होतं आणि नांदुऱ्याच्या दवाखान्याच्या मोठ्या कामावर असायचं. लाल रेघ भिंतीवर चढली आणि खोटं उघडं पडलं. भिंत वरून अंगठाभर बाहेर झुकली होती.

"ओळंबा नव्हता लावला?"

"लावला होता."

"मंग?"

ओळंबा लावला होता, तो हलत होता, रुळांवरच्या दोन गाड्यांच्या मधे जरा मंदावल्यासारखा वाटला तेव्हा छायानं खूण केली होती. एवढंच.

"नवमीले तुह्यी हत्यारं पाटावर नाई लागत," हिंमतराव म्हणाला. "बोर्ड उचलाले ये. हेल्पर म्हणून."

या टोळीचा कायदा सरकारी कायद्यापेक्षा सरळ होता. खंडेनवमीला पाट मांडायचा, ज्याची भिंत उभी त्यानं आपली हत्यारं पाटावर ठेवायची. ज्याची हत्यारं पाटावर, तो वर्षभर मिस्त्री. बाकीच्यांनी प्रसाद खायचा आणि बोर्ड वाहायचे. छायानं वर्षभर बोर्ड वाहिले होते. पांढरी भुकटी नाकातोंडात घेऊन, दुसऱ्यांच्या हातात स्क्रू देऊन. या नवमीवर तिचा डोळा होता.

"मीच पाडतो ते भिंत," ती म्हणाली. "न् मीच उभी करतो. नवमीच्या आत."

"न् पुन्हा झुकली त?"

"त जलमभर बोर्ड उचलतो. तुमच्यापुढं तोंड नाई उघडणार."

"असं झालं त देवच पावला," गोपाल म्हणाला.

हिंमतरावानं लेझर डबीत घातला. "हे मशीन तुले नाई भेटणार. नांदुऱ्याचं काम थांबवता नाई येत. पाहा तुह्यं तू."

आता तुमच्या हत्यारांच्या पेटीविषयी बोलू, साहेब. वडनेर भोलजीहून रोज एसटीनं येऊन छायानं तुमचं असल्या भिंती उभारायचं प्रशिक्षण घेतलं. घरी वांग्या-मिरच्यांचा मळा, सासू जनकाबाई आणि भाजीचा टेम्पो चालवणारा नवरा. तो म्हणाला होता, जाय, जमलं त जमलं. शेवटी पेटी मिळाली, वर तुमचा शिक्का. आत जे जे लागतं ते सगळं होतं : पत्रा कापायची कात्री, स्क्रू आवळायचा पेचकस, कटर, काटकोन बघायचा गुण्या, टेप, ओळंबा. दिसायला सगळं. कात्रीनं पहिल्याच चॅनलवर तोंड वाकडं केलं. पेचकसाचं टोक लोण्यासारखं गोल झालं. पेटीवर तुमचा शिक्का होता, म्हणून छायाला वाटलं, आपल्याच मनगटात जोर नाही. तिच्या बॅचच्या पूनमलाही तेच वाटलं. पूनमनं पेटी माळ्यावर टाकली आणि ब्लाउज शिवायला बसली. अजून बसली आहे. छाया हट्टी. तिनं कमाईतून कात्री घेतली, पेचकस घेतला. फक्त ओळंब्यावर संशय आला नाही. दोरीला वजन बांधलेलं, त्यात काय खोटं असणार? तुमच्या हॉलमध्ये, पंखे बंद, खिडक्या बंद, तो कसा साधूसारखा उभा राहायचा.

त्या संध्याकाळी तिनं तो ओळंबा ओसरीच्या आड्याला टांगला आणि समोर मांडी घालून बसली. वारा काही फार नव्हता. ओळंबा डुलत होता. तिनं हातानं थांबवला, सोडला, पुन्हा डुलायला लागला. तळहातावर घेतला तर आत पोकळ. वरून पिवळा रंग.

"काय खेळून राह्यली वं?" जनकाबाई आतून आली.

"ओळंबा हाय मामी. थांबतच नाई."

"दाखव." म्हातारीनं तो हातात तोलला. "हे त लग्नातल्या माळेचं हाय. याच्यावर भिंत उभी केली? वाकडी भिंत कायले, तूच वेडी झाली."

छाया हसली नाही. ती ओसरीच्या भिंतीकडे बघत होती. तिथं खुंटीला गळ टांगला होता. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ, चार आकड्यांचा, चांगला जडशीळ. नळ आल्यापासून तो खुंटीवरच होता, पण गावात कुणाची बादली पडली की अजून हाक जनकाबाईलाच. छायानं सासूला कितीदा पाहिलं होतं : गळ विहिरीत सोडला की काठाकाठाला हेलकावे खात जायचा, दोरी हातात नाचायची, आणि पाण्यात शिरला की गप्प. एकदम गप्प. दोरी तारेसारखी ताठ.

ती उठली आणि खुंटीवरचा गळ काढला.

"मामी, हा नेऊ का मी दुकानात?"

"विहीर हाय का दुकानात?"

"बादली हाय."

जनकाबाईनं तिला वरखाली न्याहाळलं. सुनेचं डोकं फिरलं की चाललं, याचा अंदाज घेत असावी. "ने. पण हरपला त तुलेच विहिरीत सोडीन, दोरीशिवाय."

दुसऱ्या दिवशी छायानं भिंत उतरवली. पाडली नाही, उतरवली. एकेक स्क्रू उलटा फिरवून काढला, बोर्ड शाबूत बाजूला लावले, कारण बोर्डाचा दोष नव्हता. वरचा चॅनल सोडवला. मग छताला, पट्टी येणार होती तिथून वीतभर लांब, खिळा मारून दोरी बांधली, दोरीला गळ, आणि गळ बुडेल अशी पाण्यानं भरलेली बादली खाली.

गोपालनं हातातलं काम टाकलं. "शेठ, पाहा. दुकानात विहीर खोदून राह्यली. आता रहाट लावते."

"तू पड आत," छाया म्हणाली. "मंग पाह्यतो निघते का गळानं."

दुकानातली पोरं या वेळी गोपालवर हसली.

तेवढ्यात मालगाडी आली. काचा थरथरल्या, हँगरवरचे शर्ट हलले, पायाखालची फरशी गुणगुणली. गोपालचा स्वतःचा पितळी ओळंबासुद्धा खिळ्यावर टकटक करायला लागला. बादलीत गोल गोल वलयं उठली. दोरी उभी होती. छायानं टेप लावला. वर दोरीपासून पट्टी जितकी लांब, तितकीच खाली, बादलीच्या काठाशी हवी. जरा फरक. चॅनल सरकवला. पुन्हा मोजलं. फरक गेला. तेव्हा कुठं तिनं स्क्रू आवळला, आणि तिच्या मानेवरून घामाची धार थेट पाठीत गेली.

पुढचं काम हाताला माहीत होतं. बोर्डावर कटरनं रेघ मारायची, गुडघा लावायचा, कडक आवाज येतो, मग मागचा कागद कापायचा. गुण्या लावून कोपरा बघायचा. स्क्रू असा बसवायचा की डोकं आत जाईल पण कागद फाटणार नाही. ती कुणाशी बोलली नाही. दर पट्टीला गळ टांगला, दर पट्टीला बादली सरकवली. तिसऱ्या पट्टीपासून गोपाल न बोलता बादली सरकवायला लागला.

नवमीच्या आदल्या दिवशी हिंमतराव आला. लेझर काढलाच नाही. दार अर्धं उघडून सोडलं आणि खिशात हात घालून उभा राहिला. दार अर्ध्यावर थांबलं. स्टेशनाकडून एक्स्प्रेस धडधडत आली, गेली. दार अर्ध्यावरच. हिंमतरावानं ते मिटलं. मिटलेलं राहिलं.

शेठ आत गेला, कडी न लावता दार ओढून घेतलं आणि आतूनच म्हणाला, "हो, आता बायका येतील."

हिंमतरावानं भिंतीवर मूठ आपटली, वाकून खालच्या कोपऱ्यात पाहिलं. "हा एक स्क्रू जास्त टोचला. कागद फाटला."

"बदलतो."

"बदल." आणि जाता जाता, "उद्या आंघोळ करून लवकर ये. हत्यारं धुऊन आण."

नवमीला त्याच दुकानात पाट मांडला. हिंमतरावाचा लेझर, गोपालची हत्यारं, बाकीच्यांची. मग सगळे छायाकडे बघायला लागले. तिनं पिशवीतून कात्री ठेवली, पेचकस ठेवला, कटर, गुण्या, टेप. शेवटी दोन्ही हातांनी गळ काढला. राखेनं घासलेला, काळा, चकचकीत.

"हे बी?" गोपाल म्हणाला.

"बी नाई," हिंमतराव म्हणाला. "हे पह्यले." त्यानं कुंकवाचं बोट प्रथम गळाला लावलं, मग स्वतःच्या लेझरला. झेंडूचं फूल आकड्यात अडकवलं, तसं ते तिथं जन्मल्यासारखं बसलं. "छाया मिस्त्री, नारळ तू फोड."

नारळ एका घावात फुटला. पाणी गोपालच्या शर्टावर उडालं आणि तो म्हणाला, "घ्या. पडलो मी विहिरीत." छाया पोट धरून हसली.

दसरा उलटला, कार्यालयं उघडली, आणि ती तुमच्याकडे आली, साहेब. एकटी नाही. माळ्यावरची पेटी काढून पूनमला घेऊन आली. दोन्ही पेट्या तुमच्या टेबलावर उघडल्या.

"काय तक्रार आहे बाई?" तुम्ही विचारलं, संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता.

"तक्रार नाई." तिनं पिवळा ओळंबा तुमच्या खिडकीच्या गजाला टांगला. वर पंखा फिरत होता. ओळंबा डुलायला लागला. "हा थांबला का सांगा. तवर आम्ही बसतो."

पूनमनं आपली वाकडी कात्री तुमच्यापुढं ठेवली आणि स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. चांगलं भक्कम मनगट होतं. मग दोघी खुर्च्या ओढून बसल्या.

तुम्ही शिपायाला हाक मारलीत. पाणी मागवलंत. पंखा बंद करायचं तुमच्या ध्यानात आलं नाही. ओळंबा अजून हलतो आहे, आणि त्या दोघींना आज कुठं जायची घाई नाही. बोला, साहेब. पेटीत घालण्याआधी हा हातात घेऊन, तोलून, चांगला आहे असं कोण म्हणालं होतं?