विहीणबाईंची रवानगी

पाणीपुरवठ्याच्या गाळण केंद्रावर एकतीस वर्षं काढलेल्या या माणसाला लोकांनी नाव ठेवलं होतं पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग, कारण क्लोरीन मोजता मोजता तो जगातल्या यच्चयावत वस्तू त्याच मापात मोजायला लागला होता. आमटीत मीठ किती पीपीएम जास्त झालंय हे बायकोला सांगण्याचं धाडस त्याने आयुष्यात एकदाच केलं, आणि पुढचे तीन दिवस आमटीत मीठ शून्य पीपीएम आलं. पाण्याबद्दल मात्र थट्टा चालत नसे. आपलं पाणी इतकं स्वच्छ की मळकी भांडी त्यात उतरायला लाजतात, असं तोच सांगायचा. भांड्यांचं राहू द्या, पण त्या पाण्याने एकतीस वर्षांत कुणाचं पोटही दुखलं नव्हतं, एवढं खरं.

अशा माणसाला गळाचा नाद लावला मेहुण्याने. मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. बारा वर्षं परदेशात क्रेन चालवली आणि परत येताना तिकडचा छंद घेऊन आला. कार्प मासा धरायचा. मक्याच्या पिठाचे गोळे उकडून गळाला लावायचे, खुर्ची टाकून दिवस दिवस बसायचं, मासा लागला की ओल्या गादीवर निजवायचा, तोलायचा, ओठाच्या जखमेला औषध लावायचं, फोटो काढायचा, आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. बंद पडलेल्या खडीच्या खाणीत तळं साचलं होतं, तिथे हे दोघे बसत. वाढलेल्या ताटाला नमस्कार करून उपाशी उठणारी ही जगातली पहिलीच जोडी, असं गावातला न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा.

त्या तळ्यात थोर म्हणावी अशी एकच मासळी होती. मेहुणा तिला विहीणबाई म्हणे. का, तर आल्या की आगतस्वागत करायचं, वजनाबद्दल जपून बोलायचं आणि काही बिनसायच्या आत मानाने परत धाडायचं.

मग एका सकाळी मेहुणा चहा पिता पिता छाती धरून खाली बसला. बहिणीने धावत येऊन छातीवर हात ठेवला, आणि तिच्या हाताखालीच त्या छातीची धडधड थांबली. वर्षभर आधी सासूही तिच्याच हातून पाण्याचा घोट घेताना गेली होती. दोनात दोन मिळवून भलतंच उत्तर काढायला शाळा शिकावी लागत नाही. आपला हात लागला की जीव जातो, असं तिने मनाशी पक्कं केलं. भावाच्या घरी मागच्या खोलीत ती दोन वर्षं हात काखेत धरून बसली. शेजारणीचं बाळ घेईना, कुंडीतल्या रोपाला शिवेना, दोन घास खाऊन उठे. तोंड उघडायची ते फक्त विहीणबाईंची खबर घ्यायला.

पीपीएमच्या एक लक्षात आलं. विहीणबाईंचं वजन वाढलं म्हटलं की बहीण एक घास जास्त खाते. झालं, तो वजन वाढवत सुटला. सोळा, अठरा, एकोणीस. आकडे वाढवायला त्याला गळही टाकावा लागत नसे. गेल्या महिन्यात त्याने एकवीस किलो सांगितलं तेव्हा तिने अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

आणि खबर आली की सोमवारपासून खाणीत भर टाकणार.

पीपीएमने ठरवलं, विहीणबाईंना टेम्पोने धरणावर पोचवायचं. सव्वा तासाचा रस्ता. बहीण म्हणाली, मीही येते. दोन वर्षांत ती पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडत होती. त्याला एवढा आनंद झाला की शनिवारी दुपारी विहीणबाई गळाला लागल्या तेव्हा वजनकाटा लपवायचंही भान राहिलं नाही. काटा चौदावर थांबला. बहिणीने काट्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं.

टेम्पोत पाण्याची मोठी टाकी आधीच भरून ठेवली होती. तळ्याचंच पाणी घाला, असं ड्रायव्हर म्हणाला होता. पीपीएमने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने पाहुण्यांना खरकटं पाणी प्यायला द्यायला सांगितलंय. हिरवं, कुबट पाणी विहीणबाईंना? त्याने टाकी तीनदा घासली आणि थेट केंद्रावरून भरून आणली, जिथे पाणी सगळ्यात ताजं आणि कडक असतं. त्या आठवड्यात नदी गढूळ होती म्हणून क्लोरीनचा डोस दुप्पट चालू होता. आपण आज सर्वात शुद्ध पाणी नेतोय, याचा त्याला अभिमानच वाटला.

विहीणबाईंना टाकीत सोडून टेम्पो निघाला. बहीण टाकीला टेकून बसली होती, हात काखेत. हात लाव, तो म्हणाला. ती नको नको म्हणत असताना त्याने तिचं मनगट धरून तिचा तळवा विहीणबाईंच्या पाठीवर ठेवला. तिने बोटं आखडून घेतली. मग तिची बोटं सैल पडली.

"गुळगुळीत आहे रे," ती म्हणाली, आणि हसली.

अर्ध्या रस्त्यात विहीणबाई वर येऊन तोंड उघडझाप करू लागल्या. मग कुशीवर वळल्या. कल्ले झडप घातल्यासारखे हलले आणि हळूहळू मंदावले. धरणाचा बांध दिसू लागला तेव्हा पांढरं पोट वर आलं होतं आणि बहिणीचा हात अजून पाण्यातच होता.

पीपीएमने टाकीवर वाकून श्वास घेतला. क्लोरीनचा वास आला. एकतीस वर्षं तो त्याच वासात जगला होता, त्यामुळे त्याला तो कधीच येत नसे. आज आला. माणूस पाणी पितो, मासा पाण्यातून श्वास घेतो. एवढी साधी गोष्ट त्याला एकतीस वर्षांत कुणी विचारली नव्हती.

बहिणीने हात बाहेर काढला, पुसला आणि पुन्हा काखेत घातला.

"बघितलंस ना दादा," ती शांतपणे म्हणाली.

त्याने सांगितलं. पाणी माझं, डोस दुप्पट, चूक माझी. गयावया केली. ड्रायव्हरला साक्षीला बोलावलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मासा चौदाचा होता. तू मला एकवीस सांगत होतास. माझ्यासाठी खोटं बोलायची तुला सवयच आहे."

 घरी येऊन ती मागच्या खोलीत गेली आणि रात्री ताटावर आलीच नाही.

रविवारी पहाटेच तो खाणीवर गेला. तळ्यात चिल्लर कार्प होते, एरवी गोळे पळवणारे, वीतभर लांबीचे. त्यातले दोन धरले. अंगणात दोन बादल्या मांडल्या. एकीत केंद्रावरचं पाणी, दुसरीत तळ्याचं. बहिणीला हाताला धरून बाहेर आणलं. या पाण्याला तू शिवायचंही नाहीस, तो पहिल्या बादलीकडे बोट करून म्हणाला; आणि त्या दुसऱ्या पाण्यातून हात काढायचा नाहीस. ती ऐकेना. तो अंगणात गुडघे टेकून बसला, साठीला आलेला माणूस. तेव्हा तिने हात बादलीत घातला आणि तोंड फिरवलं.

दोन्ही मासे फिरत राहिले. पाव तास गेला, काही झालं नाही. पीपीएम पहिल्या बादलीवर वाकला. ज्या पाण्याने कुणी मरू नये म्हणून त्याने जन्म घालवला, त्या पाण्याकडे बघत तो मनात घोकत होता, मार, मार एकदाचं. बायको दारातून बघून गेली.

पहिल्या बादलीतला मासा वर आला. तोंड उघडझाप करू लागला. तिरका झाला, सावरला, पुन्हा तिरका झाला. पाऊण तासाने त्याचं पोट वर आलं. दुसरा मासा बहिणीच्या बोटांना ढुशा देत होता.

तिने मेलेल्या माशाकडे खूप वेळ बघितलं.

"म्हणजे विहीणबाईंना तू मारलंस," ती म्हणाली.

"हो."

"माझा हात धरून."

"हो."

तिने मान हलवली. त्याची समजूत घातली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. ऊन अंगणात उतरलं, बादलीतलं पाणी कोमट व्हायला लागलं, तेव्हा तिने तळ्याचं आणखी पाणी आणायला सांगितलं. तो उठला, रिकामी घागर घेतली आणि खाणीकडे चालू लागला. तिचा हात पाण्यातच होता.