अर्धं स्तोत्र

विहीर उकरायची की बुजवायची, यावरून काठावर भांडण जुंपलं होतं. सकाळी कडेची ओली माती सुटली आणि तळाशी खोदणारा घूस तिच्याखाली गेला. मातीत शिरला की बाहेर यायचं नाव नाही, म्हणून आम्हीच त्याला घूस म्हणायचो. आता ते नाव घ्यायलाही जीभ धजेना.

दुपारपर्यंत सगळे उकरत होते. मग आणखी एक दरड सुटली आणि मिस्त्रीने दोर वर ओढून घेतला.

"वहिनी, तो गेला. त्याच्यापायी अजून दोघांना घालवू का? पाळक प्रार्थना करतील, आपण माती लोटू. हीच त्याची कबर समजा."

घुशीच्या बायकोला गाव कात्री म्हणतं, ते काही उगाच नाही.

"समजा? मिस्त्री, मांजर मेलं तरी माणूस तोंड बघून पुरतो. माझ्या माणसाचं तोंड न बघता माती लोटताय?"

आमच्या चर्चचे पाळक मध्ये पडले. "बाई, देवाची मर्जी. आपण आभाराचं स्तोत्र म्हणू."

"आभार कसले डोंबलाचे? ते काळोखाचं घ्या."

पाळकांचा चेहरा पडला. बायबलातल्या कुणा इब्री माणसाने हजारो वर्षांपूर्वी मरणाच्या दारातून देवाला विचारलेला जाब आहे तो. शेवटपर्यंत उजेडाची तिरीप नाही. पाळक ते वर्षातून एकदा, नाइलाजाने घ्यायचे.

कात्रीने स्वतःच सुरुवात केली आणि अडली. आमच्या प्रार्थनाघरात ओळीचा पहिला अर्धा भाग पुरुष म्हणतात, दुसरा बायका. ती जुनी कविताच तशी आहे; एक दुःख दोनदा सांगते, दुसऱ्यांदा जास्त खोल. कात्रीला जन्मभर बायकांचाच भाग पाठ. तो म्हणून ती थांबली, मिस्त्रीकडे बघत राहिली.

"अहो, तुमचं म्हणा की! मी अर्धं घेऊन कुठे जाऊ?"

मिस्त्रीने दातांतल्या दातांत आपला भाग म्हटला. तिने पुढचा. मग घरी निघालेले पुरुषही परत फिरले. ओळ अर्धी टाकून जायचं कसं? मिस्त्रीने शिव्या देत फळ्या मागवल्या, कडांना टेकू लावले आणि दोर स्वतःच्याच कमरेला बांधला.

पाळक हळूच म्हणाले, "देवाशी एवढं भांडतेस, अजून विश्वास आहे तुझा?"

"नसता तर कुणाशी भांडले असते? भिंतीशी?"

मिस्त्रीचा आवाज आता विहिरीच्या तळातून येत होता. एका ओळीला तो आलाच नाही. आपला माणूस सापडला हे कात्रीने ओळखलं, आणि गुडघ्यांवर बसून तिने जो हंबरडा फोडला तो ऐकवत नव्हता.

दिवस मावळायच्या आत त्याला वर काढलं. तिने बाहीने त्याच्या तोंडावरची माती पुसली, नाकातली, कानातली. मिस्त्री चिखलाने माखलेला समोर उभा राहिला.

"वहिनी, उशीर झाला हो."

"तुम्ही आणलंत त्याला. झालं तुमचं काम," ती म्हणाली. "पुरायचं माझं. आणि शेवटच्या दिवशी उठवायचं देवाचं. शब्द दिलाय त्याने. विसरला, तर रोज जाऊन आठवण करून देईन."