कोरडं कपाळ

माझी बायको सुंदरा जाऊन वर्ष होत आलं होतं. मिलमधून रात्रपाळी करून आलो की दुपारी खोलीत मला बसवत नसे. आमच्या चाळीतला नाना नायगावच्या एका जिमखान्यात टेनिसची कोर्टं आखायचा. मे महिन्यात तिथे सामने होते. तो म्हणाला, "चल माझ्यासंगती. नुसती दोरी धरायची."

काम सोपं होतं. तिकीट काढून आलेले लोक पूर्वेच्या फळ्यांवर बसत, त्यांच्या वाटेवर आडवी दोरी. खेळ चालू असताना कुणाला आतबाहेर सोडायचं नाही. खेळाडू बाजू बदलायला लागले की दोरी खाली टाकायची.

तीननंतर ऊन थेट फळ्यांवरच्या लोकांच्या तोंडावर येई. समोर पाहुण्यांना मांडव होता, वाळ्याचं सरबत होतं. तरी सावली सरकली की तेही खुर्च्या ओढत. इकडे लोक पेपराच्या घडीने वारा घेत, ओले रुमाल डोक्यावर ठेवत. एकजण म्हणाला, "मुंबईसह महाराष्ट्र मिळेल तेव्हा मिळेल, आधी या फळीसह सावली द्या." लोक हसले. मी सारखा या पायावरून त्या पायावर होत होतो.

दुसऱ्या फळीवर आनंदीबाई बसल्या होत्या. खेळणाऱ्या जगदीशची आई, साठीच्या. नानाने त्यांना मांडवात खुर्ची दिली होती. त्या म्हणाल्या, "तिथे गप्पा चालतात. मला खेळ बघायचाय."

सुरुवातीला त्या पदराने सारखं तोंड टिपत होत्या. मग थांबल्या. मला वाटलं, वारा सुटला असेल. पण मांडवावरचा झेंडा हलत नव्हता. शेजारच्या माणसाचा सदरा पाठीला चिकटला होता आणि यांचं कपाळ कोरडं. चेहरा लाल.

मागच्या मे महिन्यात सुंदरा बायकांच्या मोर्च्याला गेली होती, भर उन्हात, पायी. घरी येऊन म्हणाली, "अहो, आज घामच येत नाही बघा."

"बरं झालं की," मी म्हणालो आणि कूस बदलली. मला रात्री कामावर जायचं होतं. उठलो तेव्हा ती बोलत नव्हती.

बाजू बदलल्या तेव्हा मी दोरी टाकून आनंदीबाईंजवळ गेलो. "आजी, सावलीत चला."

"एवढं होऊ दे. तुझी दोरी सांभाळ तू."

पंचांनी हाक दिली. मी परत आलो, दोरी बांधली. पुढची बाजू बदलायला दोन गेम. दहा मिनिटं तरी. मी खेळ बघतच नव्हतो. त्यांचा हात मांडीवरून खाली घसरला, तो त्यांनी वर घेतला नाही.

जगदीश सर्व्हिस करायला उभा होता. सगळं चिडीचूप. मी दोरी सोडली आणि फळ्या चढलो.

"ए, बस खाली."

"दोरीवालाच उठला. आता काय बोलायचं?"

जगदीशचा चेंडू जाळीत गेला. दुसराही. मी बाईंना उचललं. अंग तव्यासारखं तापलं होतं. त्यांना मांडवात नेऊन खाली निजवलं. पाहुण्यांचा पाण्याचा हंडा होता, तो डोक्यावर, हातापायांवर ओतला. पाहुण्यांतले एक डॉक्टर पुढे आले, नाडी बघून म्हणाले, "ओतत राहा. वारा घाला." मी एक हात त्यांच्या कपाळावर ठेवून दुसऱ्याने ओतत होतो. पाणी निथळायचं आणि खाली पुन्हा तसंच कोरडं, गरम.

जगदीश बॅट टाकून धावत आला. "आई, आई" करत राहिला. दुसरा हंडा आला, तोही संपत आला. मग त्यांनी डोळे उघडले.

"तू इथे काय करतोस? जा, खेळ."

तो हलला नाही. माझा हात अजून कपाळावरच होता. हंडा संपून थोडा वेळ झाला होता, तरी हाताखाली ओलं लागत होतं. मी पुसून पाहिलं. पुन्हा बारीक थेंब आले.

"हात काढ रे," आनंदीबाई वैतागून म्हणाल्या. "घामाने आधीच जीव नकोसा झालाय."

मी हात काढला. डॉक्टर हसले. म्हणाले, "आता यांना गाडीने दवाखान्यात न्या."

नाना माझ्याकडे आला. "पंच चिडलेत. उद्या येऊ नकोस."

"बरं," मी म्हणालो.

पलीकडे दोरी जमिनीवर पडली होती. लोक वाटेल तसे आतबाहेर करत होते, सावली शोधत. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी बसलो नाही. तो हात मात्र धोतराला पुसला नाही, तसाच धरून घरी चालत आलो.