दाढेमागची वाट

“एक नाकपुडी बोटानं दाबा आणि दुसरीतून श्वास जोरात सोडा बघू,” भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

पलंगावरच्या रंगाऱ्यानं श्वास सोडला. घरघर झाली आणि रुमालावर पिवळा पू उतरला. परांचीवरून पडून त्याचा जबडा मोडला होता. तो मोडलेला जबडा सगळ्यांनी पाहिला होता. पिकलेलं नाक बाईंनीच पाहिलं.

“मॅडम, श्वासाची नळी नाकातूनच ना?” दाराशी उभ्या सर्जननं विचारलं. “दात एकमेकांत बसवून जबडा जुळवायचाय. तोंडात नळी असेल तर दात मिटणार कसे?”

“अरे, नाकातली घाण नळीबरोबर छातीत उतरायची. आणि सूज एवढी, की नळी दोन दिवस ठेवावी लागेल; नाकात ठेवली तर सायनस तुंबतील.”

“मग सर्दी जाईपर्यंत थांबू.”

“तोवर तोंडातली जखम चिघळायची थांबेल?”

“म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर!”

बाई हसल्या. भूल देता देता त्यांचे केस पांढरे झाले होते. ‘आई जगाला झोपवते आणि घरी कुणाला झोपू देत नाही,’ असं त्यांचा मुलगा म्हणायचा. त्यांचं काम नीट झालं, की झालेलं कुणाला कळतच नसे. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

त्यांनी हातमोजा चढवला. “जमेल तेवढंच तोंड उघडा हं, दादा.” त्यांचं बोट गालाच्या कडेनं शेवटच्या दातामागे सरकलं. “इथली दाढ काढलीय वाटतं?”

“लग्नाआधीच काढलीय,” उशाशी बसलेली बायको म्हणाली.

“आता हळूच दात मिटा.” रंगारी कळवळला, पण बोट चावलं गेलं नाही. बाईंनी सर्जनकडे पाहिलं. “ही बघ वाट. नळी तोंडातूनच, पण दाढेमागून.”

“माझ्या हाताच्या आड येणार ती.”

“येईल. मी धरून उभी राहते. तू खुशाल चिडचिड कर.”

ऑपरेशन सुरू झाल्यावर त्यानं ती केलीही. जबडा ओढला की नळी हलायची. बाई ती पुन्हा जागेवर आणून छातीचे आवाज तपासायच्या. बोटांना मुंग्या आल्या तरी पकड सैल झाली नाही. दातांवर दात बसले, तेव्हा सर्जननं मान वर केली. “बसले, मॅडम! नाकातून घातली असती तर आता मला धाकधूक लागली असती.”

सूज ओसरल्यावर नळी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वॉर्डात आल्या. रंगाऱ्याला ताप नव्हता. त्यांनी त्याची छाती पुढून, पाठीमागून ऐकली. कुठे खरखर नाही.

“या कोण हो?” बायकोनं नर्सला हळूच विचारलं. “त्या दिवशी दाढेचं विचारून गेल्या.”

“भूलवाल्या मॅडम. ऑपरेशनभर तुमच्या मालकांचा श्वास यांच्याच हातात होता.”

बायको उठली, आपल्या खालचं स्टूल पदरानं पुसलं आणि बाईंपुढे सरकवलं.

बाईंना खाली पुढच्या ऑपरेशनला जायचं होतं. तरी त्या घटकाभर बसल्या.