भाकरतुकडा

शेवंतीने डोक्यावरून गोधडी ओढून घेतली आणि उघड्या कपाटात तोंड घातलं. समोर तिच्याच साड्या लोंबत होत्या. त्यांच्या मधोमध निधीने हँगरला माईक टांगला होता. मे महिन्यातली दुपार, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो म्हणे.

"आई, बोल."

"काय बोलू? उकडून बटाटा झालाय माझा."

"ते सोडून बाकी काहीही बोल."

वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरात फरशा फोडत होते. म्हणून हे कपाट. साड्यांत आवाज मुरतो, भिंतींवर आपटून घुमत नाही, हे निधीचं शास्त्र. पोरगी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत होती आणि तिचं काम म्हणजे गावांच्या गोष्टी सांगायच्या. कुठलं तरी गाव, तिथलं एखादं घर, मोबाइलवर बघायचा एवढासा व्हिडिओ, त्यात एक आवाज. तो ऐकून लोकांनी बॅगा भरायच्या. या वेळी सिंधुदुर्गातलं एक घर होतं, पाहुण्यांसाठी नुकतंच उघडलेलं. कंपनीने त्यासाठी एका कलाकार बाईकडून मालवणी वदवून घेतली होती. ती ऐकून शेवंतीला जेवता जेवता ठसका लागला होता.

"ही मालवणी? अगं, ही बाई मासे तरी खाते का?"

एवढं बोलायची खोटी, दुसऱ्या दिवशी निधी माईक घेऊन घरी हजर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"वाचू नकोस," निधी मागून म्हणाली. "दुपारी गावाकडे कसं असतं, तेवढं सांग. मला सांगतेयस असं समज."

शेवंतीने डोळे मिटले. तिथे तसाही अंधारच होता. आधी जीभ जरा अडखळली. मुलुंडमध्ये आयुष्य गेलं, औषधांच्या कंपनीत पॅकिंगच्या पट्ट्यापुढे उभं राहून हिंदी, गुजराती, सगळं तोंडात बसलं. मालवणी मात्र आता फक्त रागावताना यायची. पण एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना.

"दुपारच्या वेळाक आख्खा घर निजता. जागो फक्त वारो. तो पुढच्या दारान येता नि मागच्या दारान जाता, कोणाक विचारणा नाय. आवशीन कोकमाची सोलां सुकत घातलेली असतत. तेचो वास. आणि फणसाखाली..."

तिथे ती थांबली.

शेवंतीने गोधडी बाजूला केली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "पाणी दे गं."

फणस आता नव्हता. आई गेल्यावर वर्षभराच्या आत भावाने, अनंताने, तो तोडला. मुळं भिंतीत शिरत होती, हे खरंच होतं. पण सांगायचं तरी ना! शेवंती जत्रेला गेली आणि अंगणात बघते तर नुसतं बूड. आईच्या हातचं झाड. ती अंगणातच उभी राहून बोलली, आणि जिभेला हाड नसतं. "आता तू बोलावणं धाडल्याशिवाय मी हा उंबरा चढायची नाही." अनंतही कसला ऐकतोय! "माहेरच्या दाराला बोलावणं लागतं काय?" म्हणाला तो. त्यानंतर जत्रा आल्या आणि गेल्या. त्याने बोलावलं नाही, ती गेली नाही. बहीणभाऊ एकाच मातीचे, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मध्ये शेवंतीचा नवरा गेला तेव्हा अनंत आला होता. तेराव्यापर्यंत राहिला, सगळं हातावेगळं केलं, निधीला जवळ घेऊन बसला. निघताना दारात चप्पल घालत घुटमळला. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, 'ये' तर कोणीच म्हणत नाही. हे शेवंतीला काय ठाऊक नव्हतं? तरी ती चौकट धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती. तो "सांभाळ" म्हणाला आणि जिना उतरला.

पाणी पिऊन ती निधीच्या शेजारी पलंगावर बसली.

"दाखव तरी, कशावर बोलतेय मी ते."

निधीने लॅपटॉप वळवला. आधी आकाशातून काढलेलं दृश्य. खाली माडांचे झुबके, मधून एक तांबडी वाट, पत्र्याचं छप्पर, त्यावर निळं प्लास्टिक.

"छान आहे हो. कुणाचं का असेना," शेवंती म्हणाली. आपलं घर माणूस वरून कधी बघतो?

मग न्हाणीघराची चूल, सोलकढीचा पेला, झोपाळा. झोपाळ्यावर पुण्याची का कुठली दोन पोरं. शेवंती "हं, हं" करत बघत होती. मग पुढचा तुकडा लागला. दाराच्या चौकटीत एक बाई, चेहरा अजून अंधारात, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा.

"हे काय गं?"

"भाकरतुकडा. येणाऱ्या पाहुण्यांवरून ओवाळून टाकतात. लोकांना जाम आवडतं हे, आई. आतापर्यंतच्या पाहुण्यांनी सगळ्यात जास्त फोटो याचेच टाकलेत."

भाकरतुकडा! लांबून आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायचा, वाटेत लागलेली कुणाकुणाची नजर दाराबाहेरच राहावी म्हणून. आई असताना तिने तो कधी चुकवला नव्हता. आणि आता हा झोपाळ्यावरच्या पोरांवरून ओवाळतात, ती फोटो काढतात, आणि आपण इथे कपाटात तोंड घालून बसतो. तिला खरोखर राग आला, कुणाचा ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

बाईने हात उचलला आणि तुकडा ओवाळला. डाव्या हाताने.

शेवंती पुढे सरकली. निधी लॅपटॉपकडेच बघत राहिली, जरा जास्तच लक्ष देऊन.

सगळ्या कोकणात डाव्या हाताने भाकरतुकडा ओवाळणारी एकच बाई तिला माहीत होती. सुलक्षणावहिनी. लग्न होऊन आली तेव्हा या डाव्या हातावरून आईने तिला किती बोलून घेतलं होतं! आणि शेवंतीनेही, नणंदच ती, संधी कशाला सोडतेय? 'वैनी, तुझो हात चुकलो की माझी दिष्ट परत माझ्याच मानगुटीर बसात,' असं चिडवलं की वहिनी लाजून हसायची आणि पुन्हा डावाच हात उचलायची.

"कुणाचं घर हे?"

"सुयोगचं."

"कोण सुयोग?"

"आई, आता नाटक नको हां. तुझा भाचा. मामाचा मुलगा."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर बसली असतीस कपाटात?"

शेवंतीने मांडीवरच्या कागदाची घडी उलगडली. निधीने शेवटी म्हणायचं वाक्य त्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. येवा, घर तुमचाच आसा. सकाळपासून तिने ते चारदा वाचलं होतं आणि काही वाटलं नव्हतं.

"हे मी बोलणार नाही."

"आई, शेवट आहे तो."

"असू दे. माझ्या भावाच्या घरचं बोलावणं मी जगाला देऊ? मला दिलंय का कुणी? वा गं वा! ज्याचं घर त्याला बोलू दे."

"मामाला विचारलं होतं सुयोगने. तो म्हणाला, ज्याला यायचंय तो येईल, बोलावणं कसलं?"

"बघ! बघ, आहे का काही फरक त्याच्यात?"

"दोघांतही नाही," निधी हळूच म्हणाली.

वरचं फोडकाम थांबलं होतं. शेवंती कागदाची घडी घालत राहिली, लहान, आणखी लहान. जावंसं वाटायचं तिला. रोज वाटायचं, यात लपवण्यासारखं काय आहे? बाजारात कोकम विकणारी बाई बसली की हिचे पाय तिथे अडायचे, घ्यायचं नसलं तरी भाव करायची, नुसतं बोलायला. पण बोलून बसलेला शब्द गिळायचा कसा? तिकडून एवढासा काही आधार मिळाला असता, तर तो धरून ती गेली असती.

"ते वैनीचं परत दाखव," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"पहिलं कापायचंय गं. तयारी चाललेली असते, कोणीही काहीही बोलत असतं."

"दाखव म्हटलं ना."

निधीने मागे नेलं. दार. रिकामी चौकट. मग आतून वहिनी आली, तांब्या सावरत, केस पांढरे झालेले, गालही बसलेले. हातात तुकडा घेऊन ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली, फोटो काढायला बसवलेल्या पोरासारखी.

सुयोगचा आवाज आला. "आई, माझ्याकडे नको बघू. वाटेर बघ."

"वाटेर काय हा?"

"कोण तरी येता असा समज."

"कोण येता? वाटेर कुत्रा पण नाय."

"अगो, समज ना कोण तरी!"

वहिनी वाटेकडे बघायचा प्रयत्न करत होती, पण बघणं काही जमत नव्हतं. मग घराच्या आतून, अंधारातून, खोकत खोकत एक आवाज आला. म्हातारा झालेला, पण शेवंतीने तो हजारांत ओळखला असता.

"शेवंती येता असा समज."

वहिनीची मान वळली. ती वाटेकडे बघू लागली, आणि आता ते बघणं खरं होतं. डोळे बारीक करून, उन्हावर हात धरल्यासारखा तांब्या कपाळाशी नेऊन, लांबून कुणाची चाल ओळखू येतेय का ते पाहावं तसं. एक पायरी खाली उतरली ती. मग डावा हात उचलला.

शेवंती पदर तोंडाशी धरून रडली. अगदी हुंदके देऊन. निधीने आधी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि मग आईच्या पाठीवर हात ठेवला.

"तू ऐकलं होतंस हे?"

"सुयोगने पाठवलं त्या दिवशीच."

"आणि मला दिवसभर उकडवलंस?"

"मी सांगून तू गेली असतीस?"

शेवंतीने नाक पुसलं, उठली, आणि पुन्हा गोधडी डोक्यावर घेऊन कपाटाशी बसली.

"चालू कर तुझा माईक."

निधीने खूण केली. हेडफोनमध्ये साड्यांत मुरलेला, जरा घोगरा आवाज आला.

"वैनी, थांब गो. येतंय मी."

निधीने कानावरचे हेडफोन खाली ओढले.

"आई, हे येणाऱ्याचं वाक्य झालं. आपल्याला बोलावणाऱ्याचं हवंय. सगळा व्हिडिओ घराकडून बोलतोय आणि शेवटी तू..."

"तेवढंच आहे माझ्याकडे. घ्यायचं तर घे."

निधीने ते पुन्हा ऐकलं. वहिनीचं वाटेकडे बघणं, वर उचललेला हात, त्यावर तो आवाज. तिने शेवटचं वाक्य खोडलं आणि हेच जोडून ठेवलं.

मागे हँगर खडखडले. शेवंती कपाटातून एकेक साडी ओढून पलंगावर टाकत होती. हिरवी काठाची, आईने दिलेली मोतिया, नवऱ्याने शेवटच्या दिवाळीत आणलेली.

"अगं, साड्या काय काढतेस? अजून मधलं थोडं बोलायचंय. रिकाम्या कपाटात आवाज घुमेल ना!"

शेवंतीने पलंगाखालून बॅग ओढली, तिच्यावरची धूळ पदराने झटकली आणि म्हणाली,

"घुमू दे."