घरचे पेशंट

"आज पुन्हा पोटदुखीच?" सोफ्यावर आडव्या होता होता सासूबाई पुटपुटल्या. "काल तीच, परवा तीच. जरा बरा आजार द्या की मला. लोळण्यालाही काही दर्जा असतो."

"आई, पेशंट निवडून आजारी पडत नाही," सून दाराबाहेरून म्हणाली.

"तेच तर. निवडायला मिळालं असतं तर मी हृदय घेतलं असतं. त्यात मान आहे."

दारावर टकटक झाली. डॉक्टरीणबाई आत आल्या, मोरीपाशी हात धुतले, हसल्या, आपण कोण ते सांगितलं, आणि सासूबाईंनी "पोटात" एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आत बघितलंसुद्धा.

"विचारलं नाहीस!" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "मेलीस! परत नापास!"

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे सुनेनेच, कपाळावर हात मारून घेतला. हाच तो हात, हाच तो अंगठा. याच अंगठ्याने घात केला होता.

या देशात डॉक्टरकी करायची तर इथली परीक्षा द्यावी लागे. लेखी भाग बाई पहिल्या झटक्यात पास झाल्या. अडलं ते प्रात्यक्षिकात. तिथे ओळीने खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत पेशंटचं काम करणारा नट. त्याला नीट बोलू द्यायचं, हात लावण्याआधी परवानगी घ्यायची, त्याला काय वाटतं ते विचारायचं. बाई जिथून आल्या तिथे ओपीडीची रांग फाटकाबाहेर जाई. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत पापणी ओढून रक्त किती कमी आहे ते बघायचं, तो 'पोटात' म्हणेपर्यंत बोटं पोटावर. तिथे त्याला हुशारी म्हणत. इथे त्या नटाने दचकून खुर्ची मागे सरकवली होती. निदान बरोबर, वागणूक नापास. दुसऱ्या खेपेलाही तेच, फक्त नट बदलला. आता तिसरी संधी, आणि नियमाप्रमाणे शेवटची.

म्हणून घरातच पेशंट तयार झाले. सासूबाईंना कामाची हौस होती. एकदा त्या इतक्या खऱ्या खोकल्या की शेजारचा माणूस काळजीने दार वाजवून गेला.

परीक्षेची तारीख ठरवायची राहिली होती, कारण मध्येच दुसरं काही येऊन उभं राहिलं. बाई जवळच्याच एका इस्पितळात वॉर्डमध्ये सहायक म्हणून काम करत. अंथरुणं बदलायची, पेशंटला कुशीवर वळवायचं, जेवणाचे ट्रे फिरवायचे. कुणी विचारलं, "तुम्ही कोण?" की त्या म्हणत, "सध्या सहायक." इन्चार्ज सिस्टरने हे दोनदा ऐकलं आणि त्यांना चादरींच्या खोलीत बोलावलं.

"तुमच्या बिल्ल्यावर 'सध्या' लिहिलेलं नाही."

"बिल्ला लहान आहे, सिस्टर."

सिस्टर हसली. तशी ती चांगली होती. "कायमची जागा निघालीय. वरची पायरी, दिवसाची पाळी. तुमचं नाव मी पुढे केलंय. पण मग अभ्यासाच्या सुट्ट्या नाहीत, आणि ते परीक्षेचं भूत डोक्यातून काढायचं. या वयात कशाला जिवाला घोर? सोमवारी सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या आणि चादरींचा गठ्ठा असा छातीशी धरून निघाल्या, जणू कुणी हिसकावून घेणार होतं.

घरी ही बातमी कळली तेव्हा कुणी 'घे' म्हणालं नाही, कुणी 'नको' म्हणालं नाही. नवरा म्हणाला, "दिवसाची पाळी म्हणजे तब्येतीला बरं." सासूबाई म्हणाल्या, "भाजी गार होतेय." नवरा तिकडे शाळेत गणित शिकवायचा. इथे तो गोदामात खोकी लावत होता आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नव्हता. चकार शब्द न काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

रविवारी नेहमीप्रमाणे दिराचा फोन आला. दीर त्याच्या भावाहून लहान, पण तिकडचं हॉस्पिटल त्याचं. लग्न होऊन आल्यापासून, तो साधा दवाखाना होता तेव्हापासून, बाई तिथेच पेशंट बघत बसायच्या.

"वहिनी, पुरे की आता हौस! तुमची खुर्ची अजून रिकामीच ठेवलीय मी."

"तिच्यावर सलाइनचे खोके ठेवत होता ना, भाऊजी? रिकामी कशी?"

"खोके काय, उचलू की," दीर हसला. "बायका विचारतात हो. म्हणतात, डॉक्टरांच्या वहिनी कधी येणार?"

बाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ओट्यावरचं एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

फोन संपला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज माझ्यात त्राण नाही. आज तू आजारी पड." हे लेकाला. "मी परीक्षक होते."

"मला येत नाही ते नाटक."

"झोप लागत नाही असं सांग. त्याला पाठांतर लागत नाही."

तो खुर्चीत बसला. अजून अंगावर गोदामाचा शर्ट होता. बाई बाहेर गेल्या, टकटक करून आत आल्या, हात धुतले. "मी डॉक्टर. तुमच्याशी थोडं बोलले तर चालेल?"

"चालेल, डॉक्टर," तो म्हणाला आणि स्वतःच चपापला. या देशात आल्यापासून त्याने तिला त्या नावाने हाक मारली नव्हती.

"काय त्रास होतोय?"

"झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"इथे आल्यापासून."

बाईंचा अंगठा शिवशिवला. त्यांनी तो मुठीत दाबून धरला. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे होत असेल?"

हा प्रश्न त्यांना आजवर बावळटपणाचा वाटत आला होता. तिकडे विचारला असता तर पेशंट म्हणाला असता, डॉक्टर तुम्ही की मी? पण इथे त्याला गुण होते. आणि विचारून झाल्यावर गप्प बसायला त्याहून जास्त.

"पाळ्या बदलतात म्हणून," तो म्हणाला.

बाई गप्प बसल्या. कधी नव्हे त्या गप्प बसल्या. सासूबाईंनी खूण करायला उचललेला हात तसाच राहिला.

"मला सोमवारची धास्ती वाटते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बायकोने ती नोकरी घेतली तर इथेच राहणं आलं. नाही घेतली तर ती परीक्षेला बसेल."

"आणि पास झाली तर?"

"मग आम्ही इथलेच झालो."

"नापास झाली तर?"

त्याने मान वर केली. मग पेशंटचा आवाज गळून पडला आणि त्याचा स्वतःचा बाहेर आला. "नापास झालीस तर परत जाता येईल, अगं. मी त्याचीच वाट बघतोय. दोन्ही वेळा बघितली. निकाल आला की तोंड पाडून बसायचो, आणि आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटायचं. घे, सांगितलं."

बाईंनी मूठ सोडली. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आला तो भलताच ताठा, मणक्यातून वर चढणारा.

"मग नीट ऐका," त्या म्हणाल्या. "उद्या मी सिस्टरला नाही म्हणून सांगणार. तारीख घेणार. पास झाले तर डॉक्टर म्हणून राहीन, नापास झाले तर त्याच वॉर्डात चादरी बदलत राहीन, पण राहीन इथेच. त्या खुर्चीवर मी परत बसणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा. राग धरणार नाही मी. पण माझ्या नापास होण्यावर तिकिटं काढू नका."

"पण का?" तो कळवळून म्हणाला. "तिकडे काय कमी होतं तुला? काम होतं, मान होता, घरचं हॉस्पिटल..."

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. गेली कित्येक वर्षं ते तिथेच बसलेलं होतं. पण ते त्यांनी दिलं नाही.  मग त्याने मान वळवली ती आईकडे, आधाराला.

सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठल्या. पदर खांद्यावर सारखा केला.

"माझ्याकडे काय बघतोस? का ते तुला माहीत नाही, असं नाही," त्या म्हणाल्या. "धाकटा कॉलेजात होता तेव्हा ही डॉक्टर होऊन आपल्या घरात आली. तो शिकून येईपर्यंत घरचा दवाखाना हिने एकटीने चालवला. आणि इमारत उभी राहिली तेव्हा पाटी लागली त्याच्या एकट्याच्या नावाची. हिची खुर्ची गेली कोठीच्या खोलीत. त्या दिवशी तू आणि मी पेढे वाटत फिरलो. तो माझा लेक म्हणून मी बोलले नाही, तुझा भाऊ म्हणून तू बोलला नाहीस. आपण तिची जागा खाल्ली रे, दोघांनी मिळून. आणि आता परत चल म्हणतोस?"