दोन पाळ्यांचे गमबूट

“कोढ़ नहीं है,” डॉक्टर म्हणाले. श्रीरंग स्टुलावर पाय तसाच ठेवून बसून राहिला. त्याला ऐकू गेलं नसावं असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं.

अंगठ्याचं नख पिवळं पडून ढलपीसारखं जाड झालं होतं. महारोगच झाला असं समजून पावसाळ्यापासून तो ते लपवत होता. घरी मोजे काढत नव्हता, धाकट्या बेबीला मांडीवर घेत नव्हता. “काहून असं करून राहिले?” बायको, सत्यवती, विचारायची, तेव्हा थकलो म्हणायचा. ते खोटंही नव्हतं. एकाहत्तरचा हिवाळा होता, सीमेवर लढाई पेटलेली. जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत पाळी संपली तरी माणूस सुटत नव्हता.

ही बुरशी, डॉक्टरांनी समजावलं. ओल्या, कोंडलेल्या पायांत वाढते, एकाची दुसऱ्याला लागते. “आपके ही खाते के लोग ज़्यादा आते हैं. जूते किसके पहनते हो?”

“कारखान्याचे.”

सुटे भाग धुण्याच्या खात्यात पायाखाली सदा पाणी. गमबूट कमी. एका पाळीने काढले की दुसरी तेच चढवायची. डॉक्टरांनी औषध दिलं. नवं नख यायला वर्ष लागेल, पण बूट तेच राहिले तर दुखणं परत येईल, म्हणाले.

श्रीरंगने फोरमनकडे वेगळे बूट मागितले. “लड़ाई निपटने दो भैया, फिर देखेंगे,” फोरमन म्हणाला. माणूस वाईट नव्हता. जागरणाने त्याचेही डोळे लाल झाले होते.

पाळी सुटल्यावर श्रीरंगने बाकावर बसून बूट काढले. पुढच्या पाळीला ते दिवाकरकडे जायचे. आजवर दोघांत ‘चलो, येतो’ यापलीकडे बोलणं नव्हतं. आज श्रीरंगने बूट हातातच धरले.

“दिवाकरजी, यातून नखाची बुरशी लागते. मला झाली. महारोग नाही म्हणाले डॉक्टर.”

आजूबाजूला पाहून दिवाकरने मोजा उतरवला. त्याची नखं मुळापर्यंत भुसभुशीत झाली होती.

“नक्की म्हणाले?”

“दोनदा म्हणाले.”

“दिवाळीपासून ओसरीत झोपून राहिलो मी,” दिवाकर म्हणाला. “घरी सांगितलं, पाठ दुखते.”

कुणाची कुणाला लागली, हे दोघांनीही विचारलं नाही. भोंगा झाला. श्रीरंगने खांद्यावरचा पंचा काढला, बुटांच्या आत हात घालून जमेल तितकं कोरडं पुसलं आणि ते पुढे ठेवले. दिवाकरने पाय घातले, आणि तो पाण्यात उतरला.